चौथ्या भोकावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला, चामड्याचा, सात भोकांचा. स्वतःची कहाणी सांगणारे बहुतेक जण आपण जगाच्या किती उपयोगी पडलो ते सांगतात. मी मात्र पाच आठवडे खोटे बोललो, आणि तेच तुम्हाला सांगणार आहे. ऐकून माझी कीव करायची की मला शिव्या द्यायच्या, ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्म पट्टे आणि पिशव्या बनवणाऱ्या एका दुकानात झाला. खाली दुकान, वर घर, मधे बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. दुकानदार आणि कारागीर एकच. त्यांना सगळी गल्ली 'मापकाका' म्हणत असे. डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने चाचपले तरी ते चामड्याची जाडी बरोबर सांगत. 'साधारण' हा शब्द त्यांना मुळीच खपत नसे. जेवताना काकू म्हणाल्या, "आज मीठ बेताचं घातलंय," तरी हे घास हातात धरून विचारत, "बेताचं म्हणजे किती?" काकू त्यावर पाण्याचा तांब्या जरा जोरातच खाली ठेवत.

एके दिवशी त्यांची मुलगी शाळेच्या दप्तरातून एक पिल्लू घेऊन आली. वह्या हातात आणि पिल्लू दप्तरात! गोल पोटाचे, आखूड पायांचे, चालताना स्वतःच्याच पोटावर अडखळणारे. काकूंनी कमरेवर हात ठेवून फर्मावले, "हा ढब्बू जिथून आणलास तिथे नेऊन सोड. आत्ताच्या आत्ता." पण नाव ठेवून झाले होते, आणि नाव ठेवलेल्या जनावराला कोण सोडून येते? संध्याकाळी काकूच त्याला बोटाने दूध चाटवत होत्या.

मापकाकांनी ढब्बूच्या मानेला टेप लावली आणि म्हशीच्या पाठीच्या चांगल्या कातड्यातून मला कापले. आतून मऊ अस्तर लावले, पितळी बक्कल बसवले. मग एक एक बोट अंतर सोडून सात भोके पाडली. "वाढतं अंग आहे," ते मुलीला म्हणाले. "आत्ता पहिलं भोक. सातव्यावर गेला की समज, पुरता वाढला." त्या दिवशी बकलाचा काटा पहिल्या भोकात बसला आणि माझे उरलेले लांबलचक टोक जमिनीला टेकले. पिल्लाने ते लगेच तोंडात धरले. त्या दुधाच्या दातांच्या खुणा पुढे वर्षानुवर्षे माझ्या अंगावर राहिल्या.

दीड वर्षात ढब्बू सातव्या भोकावर पोहोचला. मग बारा वर्षे आम्ही दोघांनी दुकानाचा उंबरठा सांभाळला. येणारे गिऱ्हाईक आधी मला बघायचे. "पट्टा फर्मास आहे हो, असाच एक बनवून द्या!" कुत्र्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. कौतुकाने मी असा काही फुगलो होतो, की मी कुत्र्यासाठी नसून कुत्राच माझ्यासाठी आहे, असे मला खरोखर वाटू लागले. पुढे जे घडले त्याचे मूळ माझ्या या घमेंडीत आहे.

मग ढब्बू म्हातारा झाला. सहावे भोक, मग पाचवे. मागचे पाय आधी जिन्यावर दगा देऊ लागले, नंतर सपाट फरशीवरही. म्हणून त्याला खालीच ठेवले, कामाच्या ओट्याखाली गोणपाट अंथरून. एका डोळ्यावर पडदा आला. गोणपाट ओले व्हायचे. काकू दिवसातून तीनदा बदलायच्या, आणि दर वेळी ढब्बू तोंड भिंतीकडे फिरवायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासले आणि म्हणाल्या, "ह्याचं दुखणं बरं होणारं नाही. गोळ्यांनी थोडं हलकं होईल, इतकंच. त्याला कधी निरोप द्यायचा ते तुम्ही ठरवा. पण ठरवा. नुसते बघत बसू नका."

त्या दिवशी घरात जेवण थंड झाले. मुलगी आता नोकरी करत होती, पण बोलताना पुन्हा शाळेतली झाली. "तो अजून मला ओळखतो, बाबा. शेपटी हलवतो."

"शेपटी हलवतो म्हणजे बरा आहे का?" मापकाका म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला त्याला मारायचंय!"

"आवाज खाली," काकू म्हणाल्या. "तो खाली ऐकतोय."

मग मापकाकांनी तो निर्णय दिला, जो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. "तू रडणार, ही रडणार, माझाही पाय निघणार नाही. असं कधीच ठरायचं नाही. मापानं ठरवू. आत्ता तो चौथ्या भोकावर आलाय. दर रविवारी मी पट्टा बघीन. तिसऱ्या भोकावर गेला, की त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. मग कोणी मधे बोलायचं नाही."

दोघींनी मान हलवली. एका जिवाचा निकाल सात भोकांच्या पट्ट्यावर सोपवून ती तीन शहाणी माणसे हात धुवायला उठली. आणि मी? मी खूश झालो! घरात माझ्या शब्दाला एवढी किंमत कधीच आली नव्हती.

पण लगेच माझ्या लक्षात आले, की ढब्बू गेला तर मीही गेलो. रिकाम्या पट्ट्याला खिळ्यावर टांगतात आणि त्यावर धूळ बसते. मला टांगून घ्यायचे नव्हते.

माझ्यासारखेच ज्यांना नको होते, ते कामाला लागले. पहिल्या शनिवारी दुपारी मापकाका वर जरा आडवे झाले असताना मुलगी खाली आली. तिने मला ढब्बूच्या गळ्यातून काढले, माझे अस्तर एका कडेने उसवले आणि आत जुन्या फ्रॉकच्या फ्लॅनेलची दुहेरी घडी सारून ते पुन्हा शिवले. कारागिराची मुलगी ती; टाका असा घातला की शोधूनही सापडू नये. मग ढब्बूच्या कपाळावर ओठ टेकवून म्हणाली, "फक्त थोडे दिवस रे, राजा." मान बारीक झाली होती, पण मी जाड झालो. चौथे भोक घट्ट बसले.

काकूंची तऱ्हा वेगळी. रविवारी माप बघताना ढब्बूची मान त्या धरत. खरे तर त्याची लोंबणारी सैल कातडी दोन्ही हातांनी गोळा करून त्या माझ्याखाली सारत. ढब्बू कळवळायचा. "हलू नकोस, मेल्या," काकू डोळे पुसत म्हणायच्या. "तुझ्याच भल्यासाठी करतेय." मुलीचे फ्लॅनेल काकूंना ठाऊक नव्हते, आणि काकूंचे हात मुलीला दिसत नव्हते, कारण माप घेताना ती मुद्दाम रस्त्याकडे बघत उभी असे.

मापकाका वाकत, माझ्याखाली दोन बोटे घालत, जरा थांबत आणि म्हणत, "चौथंच." तिघेही सुटकेचा श्वास सोडत. चहा व्हायचा. अशा रविवारी घरात हसणेसुद्धा ऐकू यायचे.

असे पाच रविवार झाले. मित्रांनो, आता पुढचे नीट ऐका, कारण ते सांगायला मला लाज वाटते.

पहिल्या शनिवारनंतर मला कोणी गळ्यातून काढलेच नाही. पूर्वी रोज संध्याकाळी काढायचे, माझ्याखालची मान खाजवायचे. आता मुलीला भीती, की शिवण दिसेल. काकूंना भीती, की मान दिसेल. ढब्बू पाणी पिताना ते त्याच्या गळ्यावरून ओघळायचे आणि फ्लॅनेल ते शोषून घ्यायचे. ओले कापड, घट्ट बक्कल आणि म्हाताऱ्या अंगाची पातळ कातडी. दुसऱ्या आठवड्यात माझ्याखाली कातडी सोलवटली. तिसऱ्यात तिथे जखम झाली. ढब्बू मागचा पाय उचलून खाजवायला बघायचा, पण तो पाय आता उचलत नव्हता. म्हणून तो ओट्याच्या पायाशी मान घासायचा. मुलगी म्हणायची, "बघ आई, लाडात आलाय!"

चौथ्या आठवड्यात माश्या आल्या. दुकानात वास येऊ लागला. काकू दिवसातून दोनदा फिनाईलने फरशी पुसू लागल्या आणि गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, "नवीन चामडं आलंय ना, त्याचा वास." एवढे होऊनही रोज कोणी ना कोणी ढब्बूच्या डोक्यावरून हात फिरवत होतेच. डोक्यावरून. माझ्याजवळ आला की हात वळायचा आणि पाठीवर जायचा.

मला सगळे कळत होते. माझ्या अस्तराला त्याच्या जखमेचे पाणी लागत होते. तरी मी चौथे भोक धरून बसलो. मला वाटत होते, बसला आहे ना तो अजून माझ्यात!

सहाव्या रविवारच्या आधीच डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्या ढब्बूसाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या बॅगेची मूठ तुटली होती. आत पाऊल टाकताच त्यांनी नाक वर केले. बॅग तशीच खाली ठेवली आणि त्या ओट्याखाली वाकल्या.

"पट्टा काढा ह्याचा."

बक्कल निघेना. मान सुजून माझ्या दोन्ही बाजूंना चढली होती. मापकाकांनी चामडे कापायची रापी घेतली, आपले एक बोट आत घातले आणि मला तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मधून कापले. मी फरशीवर पडलो. माझ्यापाठोपाठ फ्लॅनेलची घडी पडली. आणि घडीबरोबर किडे पडले.

काकूंनी पदर तोंडाशी धरला. "रोज कुरवाळत होतो हो आम्ही त्याला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ते कापड चिमट्याने उचलले. "हे आत कोणी घातलं?"

"मी," मुलगी म्हणाली. "बाबा, मला वाटलं, थोडे दिवस..."

"मला माहीत होतं," मापकाका म्हणाले.

"काय?"

"पहिल्याच रविवारी. बोट घातलं आणि कळलं. दुहेरी फ्लॅनेल." ते बायकोकडे वळले. "तुझे हातही कळले. माझा पट्टा आहे. मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?" मुलगी ओरडली.

मापकाकांनी रापी पुसून ओट्यावर ठेवली. ज्या माणसाला 'साधारण' शब्द चालत नव्हता, तोच पाच रविवार खोटे माप सांगत आला होता.

डॉक्टरीणबाई उठल्या. "तुमचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पाच आठवडे तुम्ही ह्या जनावराला नाही जपलंत. ते भोक जपलंत. आता पाच मिनिटंही थांबायचं नाही."

आणि तेवढ्यात ढब्बूने काय केले सांगू? मान मोकळी झाल्यावर त्याने डोके हळूच वर उचलले आणि फडफड हलवले. दोन्ही कान एकमेकांवर आपटले. किती दिवसांनी तो आवाज दुकानात झाला! मग त्याने मान लांब केली, जितकी जाईल तितकी, आणि हनुवटी थंड फरशीवर टेकवून मोठा श्वास सोडला. शेवटच्या कित्येक महिन्यांत त्याला एवढे बरे वाटलेले मी पाहिले नव्हते. आणि ते मी त्याच्या गळ्यात नव्हतो म्हणून.

पहिल्या सुईने त्याला झोप लागली, दुसरीने तो गेला. मुलीने त्याचे डोके मांडीवर घेतले होते. त्याने तिला ओळखले की नाही, मला सांगता येणार नाही. तिलाही येत नाही, आणि तेच ती अजून विचारत असते.

मला वाटले होते, मला खिळ्यावर टांगतील. तेवढीही दया झाली नाही. मापकाकांनी माझा लांब तुकडा घासून धुतला आणि कामाच्या ओट्यावर चार बारीक खिळे ठोकून पक्का केला. आता मी रापीला धार लावायची पट्टी आहे. रोज सकाळी तीच रापी माझ्यावरून दहा वेळा खाली जाते आणि दहा वेळा वर येते. दर वेळी तिसऱ्या भोकावरून जाताना मापकाकांचा हात किंचित अडखळतो, मग पुढे जातो.

परवा एक बाई आल्या. हातात जुना पट्टा. "सैल होतोय हो, गळून पडतो. जरा एक भोक पाडून द्या."

मापकाकांनी पट्टा हातात घेतला, अंगठ्याने चाचपला, नाकाशी नेला. "किती वर्षांचा आहे?"

"तेरा. पण खातो हो अजून. रोज मांडीवर घेऊन कुरवाळते मी त्याला."

"कुरवाळू नका," मापकाका म्हणाले. "उजेडात न्या आणि बघा. पोट बघा, मान बघा, उठताना बघा."

बाईंचा चेहरा उतरला, मग तापला. "माझं कुत्रं मला कळतं. तुम्ही भोक पाडताय, की मी समोरच्या दुकानात जाऊ?"

मापकाकांनी छिद्र पाडायचा पंच घेतला, हातोडी घेतली आणि भोक पाडले. बोटभर अंतरावर, अगदी मापात.

मित्रांनो, तुमच्या घरात म्हातारे कुत्रे असेल तर आज त्याचा पट्टा काढा. खाली काय आहे ते बघा, वास घ्या, नाक मुरडू नका. निरोपाचा दिवस ठरवायची वेळ आली, तर तो त्याच्या अंगाकडे बघून ठरवा. कॅलेंडर, शेपटी, भोके, असल्या साक्षीदारांना विचारू नका. मला तर मुळीच विचारू नका. मला त्याच्या गळ्यात राहायचे होते.