किगोंगोच्या हॉलमधली बाई

कांद्याचं पातळ, जांभळट साल अंगठ्याला चिकटलं होतं आणि झटकलं तरी सुटत नव्हतं. रेजिना त्या सालाकडेच बघत राहिली, म्हणजे नालोंगोच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही... जुळ्यांची आई म्हणून सारं गाव जिला नालोंगो म्हणतं ती ही भाजीवाली कांदे निवडता निवडता बोलतच होती, आणि विषय अर्थातच मालिकेचा होता.

"मी आपली स्पष्ट सांगते बाई, तिने त्याला थांबवायला हवं. एवढा धडधाकट पुरुष गुडघ्यावर बसला तिच्यासमोर. आमचा म्हातारा तर उठून घरीच आला, म्हणे गुडघे टेकायचे ते बायकांनी, हे काय भलतंच. पण मला रडू आलं हो."

ती म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. किगोंगोच्या व्हिडिओ हॉलमध्ये परदेशी मालिका लागते, किगोंगो मूळ आवाज बारीक करतो आणि माइक हातात घेऊन सगळ्यांची बोलणी स्वतःच लुगांडा भाषेत म्हणतो. परदेशी नावं लोकांच्या जिभेवर बसत नाहीत म्हणून पात्रांना गावातली नावं देतो. मालिका होती एकाच शाळेत एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन शिक्षकांची. मग किगोंगोला विचार करायची गरजच काय होती? इंग्रजीच्या बाई रेजिना, गणिताचे मुगेर्वा सर. दरवर्षी सातवीच्या बोर्डाचा निकाल लागला की कुणाच्या विषयात पहिल्या श्रेणीची मुलं जास्त यावरून हे दोघं आठवडाभर बोलत नाहीत, हे पोरासोरांनाही ठाऊक. लोक हसून हसून लोळले म्हणे. रेजिना हॉलची पायरी कधी चढली नाही—कशी चढणार, स्वतःचंच नाव ऐकायला?

"आणि शब्द तरी किती गोड," नालोंगो पिशवी पुढे करत म्हणाली. "परवा म्हणाला, 'तू म्हणालीस तर राहतो.' आज शेवटचा भाग. ती काय म्हणते ते आज कळेल."

रेजिनाने पिशवी घेतली. म्हणजे घेतली असावी, कारण पुढे रस्त्याने चालताना ती हातात होती.

तू म्हणालीस तर राहतो... काल मुगेर्वा शिक्षकखोलीच्या दारात उभा राहून हेच म्हणाला होता. म्बरारा शहरातल्या मोठ्या शाळेने बोलावलंय, उद्या, शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचंय, आणि मग खाली बघत—तुम्ही म्हणालात तर राहतो. कालपासून मी त्या वाक्यावर जगतेय. मटोकेची हिरवी केळी सोलताना, वाफ येईपर्यंत चुलीपाशी बसून, तेच एक वाक्य. तिला वाटलं होतं, हे बोलायला या माणसाला किती वर्षं लागली असतील. ती मलेरियाने पडली होती तेव्हा त्याने तिचे तास घेतले, मुलांकडून निबंध लिहून घेतले, पण एकावरही लाल शाई लावली नाही. ते काम तुमचं, म्हणाला. तेव्हापासूनच... आणि आता कळतंय की वाक्य परवाच हॉलमध्ये लागून गेलं. टाळ्या घेऊन गेलं. त्याला स्वतःचे शब्द सापडले नाहीत म्हणून त्याने उसने आणले असतील, त्यात काय एवढं? की किगोंगोने म्हटलं नसतं तर त्याला तसं वाटलंच नसतं? आणि मला तरी... गावाने आधी चिडवायला घेतलं की आधी मला तो आवडला, हे आता कुणी सांगू शकेल?

शाळेपर्यंत मतंच मतं. भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या बोडावाल्याने गाडी हळू करून सांगितलं की पोरीने भाव खाऊ नये. चर्चमध्ये स्वयंपाक करणारी म्हणाली, जाऊ दे त्याला, खरा असेल तर परत येईल. मुख्याध्यापिकेने हजेरीची सही करून घेताना, उगाच चष्मा पुसत, शेवट गोड असावा एवढीच इच्छा व्यक्त केली. थांब म्हटलं तर हॉलमधल्या एका बाकाला आनंद होणार, जा म्हटलं तर दुसऱ्या. माझं काही उरलंच नव्हतं. गप्प राहिले तरी त्यावर कुणाचं तरी मत असणारच.

मधल्या सुट्टीत तो शिक्षकखोलीत आला. खिडकीत सातवीची डोकी आधीच गोळा झाली होती. बाकीच्या शिक्षकांनी चहाचे कप तोंडाशी धरले, पण घोट कुणी घेईना.

"काय ठरवलंत?" त्याने हळूच विचारलं. घामाने त्याची कॉलर भिजली होती. हे हॉलमधलं नसावं, हा घाम त्याचाच असावा, असं तिला वाटलं.

तिने शब्द शोधले. एक तरी असा, जो पडद्यावरच्या त्या बाईने म्हटला नसेल... पण ती काय काय म्हणाली हे रेजिनाला ठाऊकच नव्हतं. राहा, हा एवढासा शब्द. तोही आज संध्याकाळी किगोंगोच्या तोंडून निघणार असेल तर?

"तुमची मर्जी," ती म्हणाली.

खिडकीतून कुणीतरी निराशेने च्च केलं. मुगेर्वा मान हलवून बाहेर पडला, होकार कळवायला मैदान ओलांडून ऑफिसकडे निघाला. भरभर नाही, अगदी सावकाश, एखाद्याने हाक मारली तर ऐकू यावी असा. रेजिना खुर्चीत बसून बघत होती. कसली मूर्ख बाई आहे ही, तिच्या मनात आलं, अगं थांबव की त्याला, अजून ऑफिसच्या पायऱ्या यायच्यात... आणि ती पुढे सरकून बसली, ती बाई आता काय करते ते बघायला.