शेठचं औषध

त्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या, दोन सख्खे भाऊ होते आणि त्यांच्यात भलामोठा अबोला होता.

कारण म्हणाल तर एवढंसं. वडील गेल्यावर धाकट्याने त्यांची एका बाजूला कललेली जुनी खुर्ची भंगारात दिली आणि तिच्या जागी नवी, वरखाली होणारी आणली. तेही थोरल्याला न विचारता. खुर्ची मोडकी होती हे थोरल्यालाही कबूल होतं. पण एका शब्दाने विचारलं असतं तर काय जीभ झिजली असती? आता आधी बोलायचं ते धाकट्याने, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. नव्या खुर्चीला त्याने कधी पाठ टेकली नाही. पूर्वी दोघे एकमेकांचे केस कापायचे, तेही बंद पडलं. थोरला गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये जाऊ लागला.

धंदा मात्र चालवायचा होता, म्हणून निरोपांचं काम गिऱ्हाइकांच्या गळ्यात पडलं. "मास्तर, त्यांना म्हणावं, पंखा जरा कमी करा." तोंडाला फेस लावलेले शाळामास्तर निमूट मान वळवून निरोप पोचवायचे. "मी इथे दाढीला येतो की पोस्टमनगिरीला?" असं ते एकदा म्हणाले. दोघेही भाऊ हसले, पण आपापल्या आरशात बघून.

दोन खुर्च्यांच्या मधे वडिलांची काचेची टाकी होती. तिच्यात एकच मासा, सोनेरी, पोट सुटलेला. वडील त्याला शेठ म्हणायचे. त्यांच्या हातचं एवढंच एक जिवंत काही उरलं होतं. एके दिवशी त्या शेठच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, आणि तो तळाच्या दगडांवर अंग घासत फिरू लागला. मासे विकणाऱ्या दुकानातून थोरल्याने निळ्या औषधाची बाटली आणली आणि रोज सकाळी झाकणभर टाकीत ओतू लागला. धाकट्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. पाणी जरा जास्तच निळं होतंय असं त्याला वाटलं, पण औषध कडक असेल म्हणून त्याने तो विचार सोडून दिला.

एका दुपारी शेठ वर येऊन तोंड वासू लागला. कल्ले भराभर हलत होते. थोरल्याने दुकानदाराला फोन लावला.

"अहो, तुमचं औषध बाधलं की माशाला."

"तुमचे बंधूही एक बाटली घेऊन गेलेत," दुकानदार म्हणाला. "दोघं मिळून किती घालताय?"

"विचारून सांगतो," म्हणत थोरल्याने फोन ठेवला, आणि सवयीने मास्तरांना शोधलं. खुर्च्या रिकाम्या. बाकावरही कोणी नाही. मागे धाकटा पाठमोरा उभा राहून कात्र्या पुसत होता. शेठने पुन्हा तोंड वासलं. वडिलांचा मासा डोळ्यांदेखत मरतोय आणि आपण निरोप्या शोधतोय, याची थोरल्याला फार लाज वाटली.

"तू किती घातलंस?" त्याने टाकीकडे बघतच विचारलं.

धाकट्याचा हात थांबला. "रोज एक झाकण. तू जेवायला गेलास की." मग तो वळला. "म्हणजे तूही?"

"सकाळी."

पुन्हा फोन लावल्यावर दुकानदाराने पुढचं सांगितलं. थोरल्याने नळीने अर्धं पाणी बादल्यांत काढलं, धाकट्याने कोपऱ्यातल्या पिंपात साठवलेलं पाणी हळूहळू ओतलं. हवेचा पंप पूर्ण जोरात सोडला. "आज औषध बंद. उद्यापासून दिवसाला एकच झाकण," दुकानदार फोनवर बजावत होता. "आणि ठिपके गेले म्हणून थांबू नका. ठिपक्यांचा किडा अंगाला चिकटलेला असेपर्यंत त्याला औषध लागू पडत नाही. तो सुटून पाण्यात आला की मगच मरतो."

संध्याकाळपर्यंत शेठ खाली उतरला. बादल्या जागेवर गेल्या, आणि दोघे भाऊ पुन्हा गप्प झाले. थोरल्याला वाटलं, झालं, आपण बोललो ते माशापुरतंच.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दुकान उघडलेलं होतं. धाकटा टाकीपाशी झाकण भरून उभा होता. बराच वेळ उभा असावा.

"दादा," तो म्हणाला, "घालू का?"

इतके महिने थोरल्याला एवढंच तर हवं होतं.

"घाल," तो म्हणाला. मग जाऊन त्या नव्या खुर्चीत बसला. "आणि हात धुऊन माझे केस बघ जरा. त्या पलीकडच्याने पार वाट लावलीय."