तेरा नंबरच्या तारा

माझ्या सुनेची गिटार पहिले सहा महिने मला आवडत नव्हती, आणि आवडत नाही हे मी तिला रोज सांगत होते. मी मनात ठेवणारी बाई नाही. सव्वीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळण्यात काढली. तिथे मशिनांच्या आवाजात शेजारणीला वेळ विचारायची तरी ओरडावं लागायचं. गिरणी बंद पडली, पण माझा आवाज काही खाली आला नाही.

गिरणी कामगारांच्या सोडतीत आम्हाला घोडपदेवला घर लागलं, चौदाव्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि त्यात मी, मुलगा दीपक, सून मेघना आणि गेल्या वर्षापासून ही गिटार. मेघना परळला एका हॉस्पिटलात रेकॉर्ड खात्यात आहे. कॉलेजात असताना ती ऑर्केस्ट्रात वाजवायची. मग एके दिवशी कुणाकडून तरी पोकळ पोटाची जुनी गिटार घेऊन आली आणि जॅझ नावाचा प्रकार शिकायला लागली. संध्याकाळी कामावरून आली की चहाआधी तेच.

सुरांबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण ते मला कळतच नव्हते. तक्रार होती ती चिरकण्याची. एका सुरावरून दुसऱ्यावर बोट सरकलं की तार चर्र करायची, पाटीवर खडू घासल्यासारखी. मी एकदा म्हटलं, तुझं वाजवणं कमी आणि किरकिरणं जास्त ऐकू येतं. त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला द्यायचा निरोप दीपकमार्फत यायचा, तोही मी तीन फुटांवर उभी असताना. दीपकला त्या चार दिवसांत ओव्हरटाइम फारच आवडायला लागला होता.

मग एका रविवारी ती भायखळ्याला डिमेलोसाहेबांकडे जाऊन आली. डिमेलोसाहेब ट्रम्पेट वाजवतात. पंच्याहत्तरी गाठलेली, पण छाती अजून भात्यासारखी. त्यांच्या चौघांच्या ग्रुपातला गिटारवाला कॅनडाला गेला आणि ते नवीन माणूस शोधत होते. मेघनाचं वाजवणं ऐकून ते म्हणाले, हात चांगला आहे, पण तारा चिरकतात. शिवाय आवाज फार टोकदार आहे. टोकदार आवाजाला मी आणि माझा ट्रम्पेट बसलोय, मागे मला मऊ कुणीतरी पाहिजे. तारा बदल, फ्लॅटवाउंड लाव, पुढच्या रविवारी अकरा वाजता परत ये. वांद्र्याचा एक जण साडेबाराला येणार आहे, दोघांपैकी एकाला घेईन.

घरी येऊन तिने हे सगळं मला सांगितलं. चार दिवसांचा अबोला तिथेच मोडला, कारण एवढा शिकलेला माणूस आणि मी एकच बोललो होतो, आणि ही गोष्ट ती तरी कशी लपवणार? मी मोठ्या मनाने फक्त दोनदाच म्हटलं की मी सांगत होते.

पण तिचा चेहरा बघून मी थांबले. पोरीला तो ग्रुप हवा होता. एरवी ती हवं-नको फारसं बोलत नाही, बाजारात साडी घेतानाही तुम्ही सांगा म्हणते. त्या आठवड्यात मात्र तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मोबाइलवर सारखं तारांबद्दल वाचत होती, माणसं कुठली तार कशी वाजते ते वाजवून दाखवतात ते ऐकत होती. स्टीलच्या की निकेलच्या, अकरा की बारा. शेवटी शुक्रवारी तिने ठरवलं. दुकान गिरगावात, ते सातला बंद होतं आणि रविवारी उघडत नाही. तिची सुट्टी साडेसातला. दीपकची दुपारपाळी. म्हणून शनिवारी सकाळी चिठ्ठी माझ्या हातात आली. तीवर लिहिलं होतं : फ्लॅटवाउंड, अकरा नंबर.

दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार सभ्य माणूस. त्याने भिंतीवरच्या खिळ्याला तारांचे दोन तुकडे बांधून ठेवले होते, गिऱ्हाइकाने हात लावून बघावं म्हणून. मी दोन्हींवरून नख फिरवलं. पहिल्या तारेवर गोल तार गुंडाळलेली, नख खाचाखाचांतून उड्या मारत गेलं. दुसरीवर, म्हणजे फ्लॅटवाउंडवर, चपटी पट्टी गुंडाळलेली, इतक्या सफाईने की नख कुठे अडलं नाही. एवढं केल्यावर मला कुणी काही समजवायची गरज उरली नाही. गुंडाळणं हाच माझा धंदा होता. सुतातली गाठ मी न बघता नुसत्या बोटाने काढायचे. इतक्या वर्षांनी एखादी सुबक गुंडाळलेली वस्तू हातात आली, तर मी तो तुकडा सोडेना. दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं.

मग त्याने चपट्या तारांची तीन पाकिटं काढली. अकरा, बारा, तेरा.

आता इथे माझं डोकं चाललं. सुताला नंबर असतो. वीस नंबरचं सूत जाड, साठ नंबरचं बारीक, शंभर नंबरचं म्हणजे तलम. एका वजनात जितक्या जास्त लडी बसतील तितका नंबर मोठा आणि धागा बारीक. हे गिरणगावात शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक. मी विचार केला, मेघनाची बोटं मऊ, दिवसभर कॉम्प्युटर बडवणारी. तिने बिचारीने अकरा लिहिलंय. तीन नंबरांत सगळ्यांत जाड तेच. हिला नंबर कळत नाहीत. आपण तेरा नेऊ, बारीक, बोटांना सोसेल. तिला काही सांगायचं नाही, उघडल्यावर बघेल आणि खूश होईल.

दुकानदार म्हणाला, चिठ्ठीवर अकरा आहे. मी म्हटलं, चिठ्ठी सुनेने लिहिलीय. तो म्हणाला, पण तेरा म्हणजे... मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. सव्वीस वर्षं मी नंबरच केलेत, मला नंबर शिकवू नका, असं म्हणून पाकीट पिशवीत टाकलं. पाकीट हाताला जरा जड लागलं. वाटलं, माल चांगला दिसतोय.

संध्याकाळी मेघना आली ती चप्पल काढतानाच तारा आणल्या का विचारत. हात धुतले, चादर अंथरली, गिटार आडवी ठेवली आणि जुन्या सहाही तारा ढिल्या करून कचकच कापल्या. त्यांचं भेंडोळं कचऱ्यात टाकलं, गिटार पुसली. मी समोर खुर्चीवर ऐटीत बसले होते. मग तिने पाकीट उघडलं.

"आई, ह्या तेरा आहेत."

"हो. बारीक आणल्या. तुझी बोटं मऊ."

तिने सगळ्यांत जाड तार माझ्यासमोर धरली. कपडे वाळत घालायची तार असते ना, तिची धाकटी बहीण. मी ती बोटांत धरली तेव्हा कळलं. गिटारीच्या तारांचा नंबर म्हणजे नुसती जाडी. नंबर मोठा, तार जाड. लहान मूलसुद्धा ओळखेल इतकं सरळ, आणि मी माझी सव्वीस वर्षं पुढे करून त्या सभ्य माणसाचं तोंड बंद करून आले होते. दुकान बंद. जुन्या तारा कापलेल्या. उद्या अकराला डिमेलोसाहेब.

मेघना ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याची सवय आहे. ती खाली बघत हळू आवाजात म्हणाली, "आठ दिवस विचार करून मी एक नंबर लिहिला होता. या घरात माझा एक नंबर तरी कुणी तसाच ठेवावा."

लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी कळेना इतक्या लहान घरात. साडी, पडदे, दीपकच्या पगाराचं काय करायचं, भातात मीठ किती, सगळे नंबर माझेच होते. तिने तारा चढवल्या, दहा मिनिटं वाजवलं, आणि बोटं चोळत गिटार ठेवून दिली.

सकाळी मी साडी नेसून तयार झाले. तिने विचारलं, कुठे? मी म्हटलं, तुझ्याबरोबर, चूक कुणाची ते साहेबांना माझ्या तोंडाने सांगायला. ती गिटार उचलून पुढे निघाली. टॅक्सीत आम्ही दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसलो.

डिमेलोसाहेबांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जुना लाकडी जिना. आत ड्रमवाला मोबाइल बघत होता आणि एक उंच माणूस स्वतःपेक्षा उंच बास, व्हायोलिनचा थोरला भाऊ, धरून उभा होता. मी दारातच सुरुवात केली. साहेब, हिने अकरा सांगितलं होतं, मी अक्कल चालवून तेरा आणलं, हिची परीक्षा पुढच्या आठवड्यात घ्या, दोष माझा. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खुर्ची दाखवली.

"मावशी, बैठो. पहिलं ऐकू तर द्या."

मग वाजायला लागलं. मेघनाची बोटं नेहमीसारखी धावायला गेली आणि धावेनात. जाड तार दाबायलाच वेळ लागत होता. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला, ओठ चावला, आणि मग सोडून दिलं. जेवढं दाबता येईल तेवढंच वाजवायला लागली. एक सूर, थोडी जागा, मग दोन सूर. चिरकणं औषधाला नव्हतं. गोल, भरलेला, खालून येणारा आवाज, उकड्या तांदळाचा भात उतू जायच्या आधी रटरटतो तसा. आणि त्या मधल्या जागांत साहेबांचा ट्रम्पेट येऊन बसायचा, मग परत ही.

सहा महिने मी तिच्या शेजारी बसून फक्त चर्र ऐकलं होतं. ती काय वाजवते हे मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा ऐकलं. फार गोड वाजवते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण पुसले असते तर तिला दिसलं असतं. ड्रमवाल्याने मोबाइल केव्हा खिशात टाकला कळलंच नाही. बासवाला डोळे मिटून हसत होता.

संपल्यावर साहेबांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि तिला विचारलं, आज इतकं कमी का वाजवलंस? ती म्हणाली, बोटं चालत नाहीत, तारा जाड आहेत.

"मागच्या वेळी तू असं वाजवत होतीस की कोणी पाठी लागलंय," ते म्हणाले. "आज मला श्वास घ्यायला टाइम मिळाला. पंधरा तारखेला माझगावच्या हॉलमध्ये प्रोग्राम आहे. काळे कपडे."

मेघनाला ते कळायला दोन क्षण लागले. मग ती एकदम हसली, तोंडावर हात ठेवून, आणि बासवाल्याने बास एका हाताने सावरून टाळी वाजवायचा प्रयत्न केला. साहेबांनी वांद्र्याच्या माणसाला फोन करायला उठता उठता तिला सांगितलं, बोटं दुखत असतील तर खुशाल अकरा लाव, वाजवायचं कसं ते आता तुला कळलंय. मी लगेच तोंड उघडलं. तेराच राहू दे, छान वाजतात, असं जिभेवर आलं होतं. मी तोंड मिटलं. मिटताना दातावर दात आपटल्याचं मला ऐकू आलं.

मेघनाने तारांवरून बोट फिरवलं.

"बारा लावीन," ती म्हणाली. "अकराही नको, तेराही नको. मी स्वतः जाऊन आणीन."

"आण," मी म्हटलं. "मी पिशवी धरून उभी राहीन. बोलायची नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की शेवटच्या दोन शब्दांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण हसत होती.

खाली उतरलो तेव्हा तिची डाव्या हाताची बोटं लाल झाली होती, मुठीत काही धरवत नव्हतं. गिटार मी माझ्या पाठीला लावली. सत्तर वर्षांची बाई, नऊवारी नाही पण सुती पाचवारी, आणि पाठीवर काळी पेटी. भायखळ्याच्या भाजी बाजारातून आम्ही जात होतो, तर एका वांगीवालीने विचारलं, "मावशी, तुम्ही वाजवता काय?"

"नाय गो, सून वाजवते," मी म्हटलं. "पंधरा तारखेला, माझगावच्या हॉलमध्ये. ये तू."

मग तिच्या शेजारच्या लिंबूवाल्याने विचारलं, कसला प्रोग्राम, म्हणून त्यालाही सांगितलं. त्याच्या पलीकडे टोमॅटोवाला ऐकत होताच. मेघना माझा पदर ओढत होती, आई चला, लोक बघतात, आई घरी जाऊ.

"थांब गो," मी म्हटलं. "त्या कोथिंबीरवालीला सांगायचं राहिलंय."