हौदातला साक्षीदार

मी साक्षीदार बोलतोय. कोर्टातला नव्हे, तो शपथ घेतो, चहा पितो आणि घरी जातो. मला घर नाही. हौद किंवा पाया खोदताना मधोमध एक खांब न खोदता तसाच उभा ठेवतात, किती खोल खणलं ते नंतर मोजता यावं म्हणून. त्या खांबाला साक्षीदार म्हणतात. तोच मी.

मला कुणी घडवलं नाही. माझ्या चारी बाजूंचं काढून नेलं आणि जे उरलं तो मी झालो. तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पात निर्वासित येऊन चार-पाच वर्षं झाली होती, अंबरनाथला कारखाने उभे राहत होते, जो तो काहीतरी बांधत होता. अशाच एका कारखान्याला चिखलोलीच्या वाटेवर पाण्याचा हौद हवा होता. हौद दोन भागांत खोदायचा ठरला. पहिला भाग पुरा झाला, कडेने दगडी भिंतही चढली आणि मध्ये मी, एकटा, उघडा. दुसऱ्या भागावर अजून गवत होतं. गवताला लागूनच शेजारच्या पाड्यावरल्या राजाबाईंची विहीर होती.

माझ्या अंगावर माझी सगळी कुंडली दिसायची. डोक्यावर माती, कमरेपर्यंत मुरूम आणि खाली करडा खडक. भांडण पेटलं ते या कमरेखालच्या भागावरून. कंत्राटात लिहिलं होतं, कुदळीने निघेल तो मुरूम, पहारीने निघेल तो मऊ खडक आणि ज्याला सुरुंगच लागेल तो कठीण खडक. कठीण खडकाचा दर चढा, शिवाय सुरुंगाने काम झटपट. माणसांची मला गंमत वाटते. दगडाला नाव देताना तो कसा आहे हे बघत नाहीत, कुठल्या हत्याराला भितो ते बघतात.

खरं सांगू? मला कठीणच व्हायचं होतं. मऊ म्हणवून घेणं कुणाला आवडेल? ठेकेदार हिंदुराव रोज सकाळी माझ्या कमरेखालच्या खडकावर थाप मारायचे. "वाघ हाय गड्या ह्यो! सुरुंगाबिगर हलायचा न्हाय." मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. माझ्या भोवतीचा हाच खडक त्यांच्याच मजुरांनी, जनू आणि त्याच्या सोबत्यांनी, पहारीनेच काढला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण कौतुकापुढे खरं कुठे आठवतं?

एका दुपारी राजाबाई खड्ड्याच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. समोर चिंतामणी, कामावर नुकतेच आलेले तरुण ओव्हरसियर.

"सायेब, दुसऱ्या बाजूला सुरुंग लावनार म्हनं? माजी बाव फुटंल ना. झरा एकदा सरकला का परत येत नाय. आख्खा पाडा तिचंच पानी पितो."

"बाई, माझ्या हातात नाही. मोठे साहेब साक्षीदार बघून ठरवतील. तो कठीण निघाला तर सुरुंग."

"मंग या खांबाच्या हातात हाय म्हना की."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. उन्हात माझं अंग आणखी टणक होत होतं, आणि आता तेच नको होतं. मुंग्या चढल्या तरी वाटायचं, पोखरा रे, जरा भुसभुशीत करा. साहेब आज येतात की उद्या, या धास्तीने मी उभ्या जागी झुरत होतो.

साहेब आले. टेप लावून मला मोजलं. मग हातोडीने कमरेखाली ठोकलं. टण्ण! माझा मलाच राग आला.

"कठीण दिसतोय," साहेब म्हणाले.

हिंदुरावांची कळी खुलली. "एक बारका सुरुंग लावतो साहेब. साक्षीदार बी उडंल आन् शंका बी."

चिंतामणी पुढे झाले. "साहेब, सुरुंग लावला म्हणजे तो लागणारच होता, असं नाही ना होत? आधी पहार घालून बघू या."

साहेबांनी होकाराची मान हलवली. हिंदुरावांनी जनूकडे डोळे वटारले. जनूसारखा पहार मारणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि म्हणूनच कुठे मारलं की मी निघणार नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने बरोबर तिथेच घाव घातला. पहार उडाली. राजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे, फट डावीकडे आहे, डावीकडे!

"मला द्या," चिंतामणी म्हणाले. त्यांनी जन्मात पहार धरली नसावी. पहिला घाव स्वतःच्या बुटाशी पडला. मजूर फिदीफिदी हसले. दुसरा घाव माझ्या अंगावरून घसरला आणि थेट डाव्या फटीत शिरला. पहार अडकली. ती काढायला त्यांनी सगळा भार टाकला, तर कडाड्कन माझा एक मोठा तुकडा निघून साहेबांच्या पुढ्यात पडला!

जनूने एकदा हिंदुरावांकडे पाहिलं, एकदा काठावरच्या राजाबाईंकडे. मग पुढे होऊन त्याने पहारीला खांदा लावला.

"निघतंय सायेब. पैला भाग बी आमी असाच काढलाय."

"मऊ खडक," साहेब म्हणाले. "दुसऱ्या भागालाही पहारच. सुरुंग नाही."

हिंदुराव पाय आपटत खड्ड्याबाहेर पडले. आणि मी? मी कोसळत होतो, आणि मऊ ठरल्याचा इतका आनंद मला कधी होईल असं वाटलं नव्हतं.

दुसरा भाग पहारीने खोदला. वेळ लागला, हिंदुरावांनी कुरकुर केली, पण हौद झाला. माझा ढीग कडेला पडून होता. राजाबाईंनी त्यातल्या पाट्या भरून नेल्या आणि विहिरीभोवती, बायका घसरायच्या तिथे, पसरल्या. आता माझ्यावर घागरी टेकतात. पाणी सांडतं, मी झिजतो. काही वर्षांनी मी चिखलात मिसळून जाईन आणि मला कुणी ओळखणार नाही. त्याचं दुःख नाही.

पण जिवाला स्वस्थता नाही ती नाहीच. बदलापूरच्या बाजूला नवे सुरुंग वाजतात, जमीन हलते. तिथे आधी कुणी पहार घालून पाहिली का, कळत नाही. बाबांनो, खणा, जरूर खणा. पण सुरुंगाला बत्ती देण्याआधी शेजारी कुणाचं पाणी आहे तेवढं विचारा.

रोज पहाटे राजाबाई येतात. बादली आत सोडतात. दोर सरसरत जातो, जातच राहतो आणि माझा जीव टांगणीला लागतो. मग खालून आवाज येतो. डुबुक्.