तिनं माझं पाणी ओतून दिलं

मी एक जुना फॉस्फरस आहे. पांढरा फॉस्फरस. माझी कांडी करंगळीएवढी, आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी बाटलीत, पाण्याखाली राहतो. मित्रांनो, यंदाच्या खंडेनवमीला जे घडलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही. सांगताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

आधी माझा स्वभाव सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यामुळंच घडलं. माझं डोकं फार तापट. हवा लागली की मी धुमसतो आणि तीस-बत्तीस अंशांची गरमी झाली की पेटतोच, काडी लावावी लागत नाही. अंगाला लसणासारखा वास, अंधारात मंद हिरवट उजेड, आणि वर मी जहाल विषारी. असला तापट गडी निसर्गात मोकळा कुठून सापडणार? मी सापडतो तो खडकात, दुसऱ्यांना घट्ट धरून बसलेला. तसल्याच खडकाचा चुरा वाळू आणि कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत घातला, माझी वाफ झाली आणि ती पाण्याखाली थंड केली. जन्मलो तोच पाण्यात.

आमच्या खानदानाचा शोध साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत लागला. कशात म्हणाल? माणसाच्या मुतात! तो गडी त्यात सोनं शोधत होता. हसा, हसा. पण मी तुमच्या अंगात आहे हे विसरू नका. तुमच्या हाडांत आणि दातांत मीच आहे, फक्त तिथं गुण्यागोविंदानं नांदतो. पंचगंगेकाठच्या उसाला घालतात त्या खतातही मी असतो. काडेपेटीच्या कडेला घासायची पट्टी असते ना, तिच्यात माझा तांबडा भाऊ बसलेला असतो. तो माझ्यापेक्षा पुष्कळ समजूतदार.

एके काळी माझाही मान होता. विज्ञानाच्या त्रिशला मॅडम पाण्याखालीच माझा तांदळाएवढा तुकडा कापायच्या आणि चिमट्यानं बाहेर काढून दाखवायच्या. तो आपोआप पेटला की अख्खा वर्ग आ वासून बघायचा. पुढं असले प्रयोग पडद्यावर दाखवायला लागले आणि मी कपाटात मागं गेलो. तरी शिपाई पिराजीमामा दर शनिवारी यायचे. “हाईस का रं?” म्हणायचे आणि कमी झालेलं पाणी भरायचे. बाटलीवरची चिठ्ठी ओलीनं कधीच गळून पडली होती, पण मामांना सगळं तोंडपाठ होतं. जूनमध्ये ते निवृत्त झाले. जाताना त्यांच्याकडून चाव्या घेतल्या. माहिती कुणी विचारलीच नाही.

त्यांच्या जागी धोंडुबाई आली. कामाला वाघ. खंडेनवमीला आपापल्या हत्यारांची पूजा करतात, तशी आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या वस्तूंची होते. तिनं तराजू पुसले, चंचुपात्रं लख्ख केली. दाराशी आग विझवायला ठेवलेली वाळूची लाल बादलीसुद्धा रिकामी करून, घासून तिनं ओळीत मांडली. मग तिचा हात माझ्या बाटलीवर आला.

“आगं बया, किती घाण पाणी साठलंय ह्यात!” असं म्हणून तिनं ते मोरीत ओतून दिलं.

मित्रांनो, मी हादरलोच. बावीस वर्षांत माझ्या अंगावरचं पाणी कधी हटलं नव्हतं. तिनं मला फडक्यात घेऊन खसाखसा पुसलं, पाटावर ठेवलं, शेजारी झेंडूचं फूल ठेवलं आणि फडकं कमरेला खोचलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. माझ्या अंगातून पांढरा धूर निघायला लागला. मी स्वतःला आवरायचा फार प्रयत्न केला. शपथेवर सांगतो, केला! पण जमेना.

“आत्ताच ऊद कुणी लावला?” असं म्हणत धोंडुबाईनं कुंकवाचं बोट माझ्याकडं नेलं. ते बोट मला जाळायचं नव्हतं हो. ओरडायला मला तोंड असतं तर!

“मावशी, हात मागं!” दारातून त्रिशला मॅडम किंचाळल्या. बोट थांबलं आणि त्याच क्षणी मी भडकलो. मॅडम वाळूच्या बादलीकडं धावल्या. बादली चकाचक आणि रिकामी! “फरशी पुसायची बादली, मावशी! पाट त्यात ढकला!”

धोंडुबाईनं झाडूच्या दांड्यानं पाट ढकलला. मी फुलासकट त्या काळ्या, घाणेरड्या पाण्यात पडलो आणि विझलो. आता संपलं असं मला वाटलं, पण तेवढ्यात तिच्या कमरेला धूर दिसला. फडकं! पुसताना मी त्यात थोडा राहिलो होतो. तिनं ते उजव्या हातानं ओढलं, तसा मी तिच्या अंगठ्याला चिकटून जळलो. “आई गं!” तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मॅडमनी फडकं बादलीत टाकलं, तिचा हात नळाखाली धरला, ओल्या कापडात गुंडाळला आणि तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं.

मी बादलीच्या तळाशी पडून होतो. मला तिच्या अंगठ्याचं हाड आठवत होतं. त्या हाडात मीच आहे, मित्रांनो. आणि मीच तिला जाळलं.

दहा दिवसांनी ती आली, हाताला पट्टी बांधून. मी पुन्हा बाटलीत, स्वच्छ पाण्यात होतो. आता ही मला शिव्या घालणार, असं मला वाटलं.

“हात गेला असता की रं माझा,” ती म्हणाली. मग मॅडमकडं वळली. “ह्याचा काय दोष? मला कुणी सांगितलंच न्हाई.”

मॅडमनी मान खाली घातली. “चूक माझी आहे, मावशी,” त्या म्हणाल्या आणि मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून त्यांनी बाटलीवर चिकटवली: पांढरा फॉस्फरस. पाणी ओतून देऊ नका. हात लावू नका. धोंडुबाईनं ती एकेक अक्षर लावत वाचली.

मित्रांनो, धोक्याच्या वस्तूवर तिचं नाव लिहा. आणि जी बाई रोज तिथं झाडते, पुसते, तिला सगळ्यांच्या आधी सांगा. मला आवरणारं पाणी तिच्याच हातात असतं.

त्या दिवशी जाताना धोंडुबाई पुन्हा माझ्याजवळ थांबली. डाव्या हाताचं बोट तिनं घरून आणलेल्या कुंकवात बुडवलं आणि बाहेरून, काचेवर टेकवलं.

“तुझी राहिली हुती,” ती म्हणाली.