उपडा फोन

घरात पैशांचा विषय निघाला की त्याचं उत्तर ठरलेलं, "मी आहे ना!" लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कुठे कुणी अडकलं की हातातला घास टाकून धावायचा. बायको घरी शिवणकाम करायची, मिळालेले पैसे त्याच्या हातावर ठेवायची आणि निर्धास्त व्हायची. विमा कुठला, हप्ता कधी, बँकेत किती, तिला काडीचं ठाऊक नव्हतं. आपल्यापैकी किती घरांत हेच चालतं, खरं सांगा!

एका दुपारी जेवून हात धुताना तो कोसळला आणि परत उठलाच नाही.

त्याला फोन उपडा ठेवायची सवय होती. बायकोने तो तसाच उपडा, त्याच्या फोटोशेजारी फळीवर ठेवला. चार्जिंग मात्र न चुकता करायची. अधूनमधून फोन थरथरायचा, कडेने उजेड दिसायचा. सासूबाई मान वर करून हळूच म्हणायच्या, "आला बघ." शिवणयंत्र थांबायचं, मुलगी पुस्तकातून डोकं काढायची आणि फोन शांत होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. तो उलटून बघायची कुणाचीच छाती नव्हती.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन ताबडतोब करायला हवं होतं. नणंद बँकेत नोकरीला. दादाने सगळ्यांचा आरोग्यविमा काढल्याचं तिला आठवत होतं, म्हणून वहिनीला घेऊन ती कागद शोधायला घरी आली. तेवढ्यात फळीवर फोन थरथरला. वहिनी जागच्या जागी थिजली. नणंदेने सरळ जाऊन तो उलटला. लॉक उघडायचीही गरज पडली नाही, काचेवरच दिसत होतं: हप्ता न भरल्यामुळे आपला विमा बंद झाला आहे.

"वहिनी, दादा नव्हता गं येत," नणंद म्हणाली. "हप्ता भरा म्हणून कंपनी सांगत होती."

त्यांनी मला कधी काही सांगितलंच नाही, असं वहिनी पुटपुटली.

"आणि तू कधी विचारलंस? त्याने मायेपोटी लपवलं, तू मायेपोटी विचारलं नाहीस. भोगतेय कोण? आई."

नणंदेने आपली ठेव मोडली. शिवणयंत्र विकावं लागलं. सासूबाई काठी टेकत चालू लागल्या, आणि वहिनी दुसऱ्याच्या दुकानात शिवायला जाऊ लागली. बँकेचे व्यवहार शिकली, अडीअडचणीसाठी थोडंथोडं बाजूला टाकू लागली, विमा नव्याने काढला. तो फोनही तिने बंद करून टाकला. सगळे म्हणाले, चला, ठेच लागली पण शहाणी झाली.

एका संध्याकाळी मुलीने सहज विचारलं, आई, आपले पैसे नेमके कुठे ठेवलेत? वहिनी शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू अभ्यास कर. मी आहे ना!"

आवाज तिचा, पण सूर हुबेहूब त्याचा. सासूबाईंनी काठी घट्ट धरली आणि फोटोकडे पाहिलं.

"आला बघ," त्या म्हणाल्या.

वहिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने शिवण बाजूला ठेवली, दोघींना जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं: पैसे कुठे आहेत, विमा कुठला, वेळ आली तर कुणाला गाठायचं. मुलीने ते पुन्हा म्हणून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, मला परत सांगा, मी विसरेन.

मंडळी, "मी आहे ना" म्हणणारं प्रेम घरोघरी असतं. पण मी नसेन तेव्हा काय करायचं, हेही त्याच प्रेमाने सांगून ठेवायला हवं. आज जेवायला बसाल तेव्हाच सांगा. उद्या सांगू, असं त्यालाही वाटलंच असेल.