लाल ज्वारीची भाकर

"ओढा वयनी, दोरी ओढा," पार्टीचे जुने कार्यकर्ते रंगनाथ माईकवरूनच म्हणाले.

पंचफुलाबाईंनी दोरी ओढली. कापड खाली गळालं आणि त्यांच्या नवऱ्याच्या स्मृतीची शिळा उघडी पडली. कोरून घ्यायला सवड झाली नव्हती, म्हणून परभणीच्या पेंटरकडून तेलरंगात अक्षरं काढून घेतली होती. रंगनाथांनी चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "कॉम्रेड तात्याराव! बहात्तरच्या दुष्काळात उपाशी राहिले, पण अमेरिकेच्या ज्वारीचा दाणा खाल्ला नाही!"

टाळ्या झाल्या. पोखर्णी गावाच्या अलीकडच्या फाट्यावर मांडवभर माणसं होती. लेक संघप्रिया परवाच शाळेची मुख्याध्यापिका झालेली, तीसुद्धा पदर डोळ्यांना लावून टाळ्या वाजवत होती.

पंचफुलाबाईंनी मात्र दोरी सोडली नाही.

"भाऊजी, हे कुनी लिव्हलं?"

"मीच, वयनी. का?"

"खोटं हाय."

माईक चालूच होता. ते दोन शब्द पार रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत गेले.

तात्याराव सकाळी जयभीम करायचे, संध्याकाळी लाल सलाम, आणि दोन्ही तितक्याच मनापासून. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, तेव्हा याच रस्त्याचं काम निघालं होतं. मजुरी वाढवा म्हणून घोषणा दिल्या आणि मुकादमाने तात्यारावांना पहिल्याच आठवड्यात कामावरून काढलं. कामावर उरली पंचफुला. विशी नुकती ओलांडलेली, पाठीशी तान्ही संघप्रिया. सायकलच्या ट्यूबचं कडं करून त्यात दगड धरायचा, म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत; उजव्या हाताने हातोडी. फोडलेल्या खडीच्या ढिगाऱ्याचं माप झालं की थोडे पैसे आणि ज्वारीचं कूपन हाती पडायचं.

ती ज्वारी लाल होती. अशी ज्वारी कुणी जन्मात पाहिली नव्हती. तात्याराव मूठभर दाणे घेऊन खडीच्या ढिगावर उभे राहिले आणि सगळ्यांना दाखवून म्हणाले, "रंग बघा गड्याहो! झेंडा लाल, दाना लाल. रशियानं धाडली आपल्याला. अमेरिकावाला कशाला लाल पेरंल?"

सगळ्यांना पटलं. न पटायला काय होतं? ती भाकर कडसर लागायची, थापताना चिरायची, तव्यावर तिचे तुकडे व्हायचे. तात्याराव चवीने खायचे. "कामगाराच्या राज्यातली हाय, जराशी खरबरीत असनारच," असं वर म्हणायचे.

मग एके दिवशी हेच रंगनाथ परभणीच्या पार्टी ऑफिसातून सायकल हाणत आले. पोत्यावर दोन हात एकमेकांत घातलेलं चित्र असतं, ते अमेरिकेचं, हे त्यांना तिथे कळलं होतं. तात्यारावांच्या तोंडात घास होता. ते अंगणात गेले आणि थुंकून आले.

"तिकडं व्हिएतनामात लेकरांवर बाँब टाकायलेत, आन त्यांचा दाना मी खाऊ?"

दोन दिवस ते नुसत्या पाण्यावर राहिले. तिसऱ्या दिवशी उठताना भिंतीला धरलं. रंगनाथ तोवर मोर्चासाठी परभणीला परत गेले होते. त्यांनी पाहिलं ते एवढंच, आणि पन्नास वर्षं तेच सांगत आले.

पुढचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पंचफुलाने त्या संध्याकाळी भाकर थापली, ताट समोर ठेवलं आणि ताटाशेजारी आपले दोन्ही हात उपडे मांडले. नखं काळीनिळी, डाव्या अंगठ्याचं तर गळूनच गेलेलं, ते पुन्हा कधी आलं नाही.

"हे बघा. ही ज्वारी अमेरिकेनं न्हाई दिली न् रशियानंबी न्हाई. ह्या बोटांनी दिली. खडी म्या फोडली, तवा कूपन भेटलं. तुमचं जगाशी भांडन असंल तर भांडा. माझी मजुरी का उकिरड्यावर टाकता?"

तात्यारावांनी त्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी भाकर मोडली. चूर होईल म्हणून दोन्ही हातांनी धरून, खाली सांडलेलं वेचून, सगळी खाल्ली. जेवण झाल्यावर उठले आणि आपलं ताट आपण घासलं. लग्नानंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी अंगात बळ आलं तसे मोर्चात गेले.

"वयनी," रंगनाथांनी माईकवर हात ठेवला, "लोकायला काईतरी आदर्श पायजे की."

"उपाशी मेलेल्याचा आदर्श काय करायचा भाऊजी? खाल्लं म्हनून जगले, जगले म्हनून भांडले. तुमच्याच मोर्च्यात आले का न्हाई चवथ्या दिवशी?"

"आले की," रंगनाथ पुटपुटले. "मी म्हनलं, कशानं उभा राहिला असंल हा…"

सरपंच महारुद्र पुढच्या खुर्चीवर होता. तो हसून म्हणाला, "म्हंजे काकू, अमेरिकेनंच जगवलं म्हना की कॉम्रेडला!"

मांडवात खसखस पिकली.

"गप रे महारुद्रा. तू तवा पाळन्यातबी न्हवता. अमेरिकेला मी काय भीक मागाया गेलते? आन रशियाबी माझी हातोडी धराया आला न्हाई. तू ज्या रस्त्यानं गाडी आनलीस ना, त्याच्या खाली माझी खडी हाय."

संघप्रिया जवळ आली. तिने आईचा दंड धरला.

"माय, बस खाली. घरी बोलू."

"घरी कशाला? शिळा काय घरात लावलीय?"

रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. मांडवाच्या कडेलाच खडीचा ढीग होता, मशीनने फोडलेली, एकसारखी. पंचफुलाबाई तिथवर गेल्या, वाकल्या, दोन-तीन खडे चाचपून टाकून दिले आणि धारेचा एक निवडला. परत येऊन शिळेपुढे बसल्या. शिळेला घातलेला हार त्या ओळीवर लोंबत होता. संघप्रिया क्षणभर घुटमळली. मग तिने तो उचलून बाजूला धरला.

खर्रर. खर्रर.

ओला-सुका रंग निघू लागला. आधी 'अमेरिकेच्या' गेलं, मग 'दाणा', मग 'उपाशी', मग सगळी ओळच. कुणी उठलं नाही. रंगनाथांनी हळूच माईक बंद केला आणि चष्मा काढून हातात घेतला.

"मंग तिथं काय लिव्हायचं, वयनी?"

"जागा राहू द्या तशीच."

वरती नाव राहिलं, 'कॉम्रेड तात्याराव'. त्याच्याखाली पट्टीभर उघडा काळा दगड. पंचफुलाबाईंनी पदराने त्यावरची भुकटी पुसली. हातातला खडा त्यांनी टाकला नाही. नख नसलेला अंगठा त्याच्या धारेवरून सावकाश फिरत राहिला.